मागच्या जिन्याची किल्ली : मुलींच्या वसतिगृहाच्या तपासणीच्या नोंदी, अमरावती

१४ एप्रिल २०२५, सोमवार

जयंतीची सुट्टी. निम्म्या मुली सकाळीच इर्विन चौकात गेल्या, म्हणून निवांत फिरता आलं. वसतिगृहाची देखभाल माझ्याकडे येऊन आठ दिवस झाले. आधीचे साहेब निवृत्त होताना एक फाइल आणि किल्ल्यांचा जुडगा देऊन गेले. फाइल अगदी व्यवस्थित. जुडग्यातल्या अकरा किल्ल्यांपैकी चार कशाच्या, ते कोणालाच माहीत नाही.

इमारत १९९६ ची, तळमजला अधिक तीन. खाली कार्यालय आणि मेस, वर दर मजल्याला १६ खोल्या, खोलीत तिघी. एकूण १४४ खाटा. जिने दोन. पुढचा रोजच्या वापरातला. मागच्याला खाली लोखंडी दार आणि त्याला भलंमोठं कुलूप.

वर जायचं म्हणजे मावशी पुढे आणि मी मागे. दर मजल्यावर त्या टाळ्या वाजवत ओरडतात, "पोरींनो, माणसं येऊन राह्यली वर!" मग दारं लागल्याचे आवाज येतात आणि आम्ही पुढे सरकतो.

पुढच्या जिन्याखालची खोली उघडली. भिंतीवर मीटरचं पॅनल, तिथूनच तिन्ही मजल्यांच्या मेन केबली वर जातात. आणि पॅनलला टेकून, छतापर्यंत, जुन्या कापसाच्या गाद्या. मोजल्या, ४३ निघाल्या. सर्वांत वरच्या गादीची खोळ केबलला घासून काळी पडली होती.

आज अग्निशमन सेवा दिनही असतो. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या गोदीत फोर्ट स्टिकिन जहाज फुटलं, त्यात दलाचे ६६ जवान गेले. जहाजावर स्फोटकं होती हे सगळे सांगतात, पण कापसाच्या गाठीही होत्या, आणि सुरुवात तिथूनच झाली होती. माझे वडील जिनिंगमध्ये तोलाईला होते. पाण्याने विझवलेली गाठ दोन दिवसांनी फोडली की आत लालभडक निखारा निघायचा, हे लहानपणी डोळ्यांनी पाहिलंय. दाबून बसलेला कापूस भडकत नाही, धुमसतो, आणि धूर काढतो. इथे तो धूर जिन्यातूनच वर जाणार, आणि मुली त्याच जिन्याने खाली येणार.

१५ एप्रिल, मंगळवार

गाद्या हलवायला निघालो तर कार्यालयातून निरोप, त्या डेड स्टॉकला आहेत, निर्लेखनाच्या, म्हणजे नोंदवहीतून कमी करण्याच्या, मंजुरीशिवाय हलवायच्या नाहीत. मी म्हटलं, फेकत नाही, जागा बदलतोय. सायकल स्टँडच्या पत्र्याखाली रचल्या, वरून ताडपत्री. संध्याकाळपर्यंत मेमो आला. मेमो फाइलला लावला, गाद्या तिथेच.

अग्निशामक कागदावर १४ आहेत. प्रत्यक्षातही १४ सापडले, एवढं बरं. पण सहा स्टोअरमध्ये ("मुली पाडतात"), चार कार्यालयाबाहेर ओळीने, एक मेसमध्ये पिठाच्या डब्यांमागे, एक वीजमीटरच्या खोलीच्या दाराशी. वरच्या तीन मजल्यांसाठी मिळून दोन. त्यातला एक तिसऱ्या मजल्यावर, गच्चीचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून दाराला लावलेला. साध्या, म्हणजे लाकूड-कापड-कागदाच्या आगीसाठी कुठूनही १५ मीटरच्या आत एक अग्निशामक हाताला लागला पाहिजे. आमचा व्हरांडा पावलांनी मोजला, ३८ मीटर भरला.

एबीसी पावडरचे १२. त्यातल्या तिघांचे दाबाचे काटे लाल पट्ट्यात. एकाची पिन हरवलेली, तिच्या जागी बांधकामाची तार पिळून बसवलेली. ती तार पक्कडशिवाय निघाली नाही. सगळ्यांच्या गळ्यात जानेवारीचे टॅग आहेत, सगळ्यांवर 'ओके'.

१७ एप्रिल, गुरुवार

उरलेले दोन कार्बन डायऑक्साइडचे. त्यांना दाबाचा काटा नसतो, त्यामुळे आतला वायू आहे की गेला हे बघून कळत नाही. वजनच करावं लागतं. मेसच्या मावशींकडे तांदळाची पोती तोलायचा काटा आहे. मीटरच्या खोलीजवळचा ४.५ किलोचा त्यावर ठेवला. नळकांड्यावर रिकामं वजन कोरलेलं, ११.८. म्हणजे भरलेला १६.३ यायला हवा. काटा १४.६ वर थांबला. मावशी म्हणाल्या, "पावणेदोन किलो कुठं गेलं बापा?" दहा टक्क्यांपेक्षा जास्त घट आली की पुन्हा भरायचा, इथे तर तिसऱ्या हिश्शाहून जास्त उडालेला. दुसरा बरोबर निघाला.

एजन्सीला फोन. जानेवारीत तपासणीला आलेला माणूस कोण, हे त्यांना सांगता आलं नाही. गेटवरच्या काकांना मात्र आठवतं, तो कार्यालयात बसला होता, चहा झाला, टॅगचं बंडल टेबलावर होतं.

२१ एप्रिल, सोमवार

कुलर. इथे एप्रिल-मे म्हणजे परीक्षा आणि कुलर. खोलीला एक, एकूण ४८. बहुतेक पत्र्याचे, मुलींनी जुन्या बाजारातून आणलेले किंवा आधीच्या मुलींकडून घेतलेले.

पहिल्या मजल्याचा डीबी, म्हणजे वीजवाटपाची पेटी, उघडली. आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच, जागेवर आहे, बटण आहे, सगळं आहे. 'टेस्ट' दाबलं तर पडत नाही. नीट बघितलं तर आत येणारी वायर आणि बाहेर जाणारी वायर एका तुकड्याने थेट जोडलेली. वायरमनला विचारलं. तो खोटं बोलला नाही. "साहेब, कुलर सुरू झाले की रात्री दोनला पडते ते. अख्खा मजला अंधारात, पोरी फोन करतात, मी उठून येतो, अर्ध्या तासात पुन्हा पडते. मागच्या उन्हाळ्यात डायरेक्ट केलं." दुसरा मजलाही तसाच. तिसऱ्यावर आरसीसीबी चालू आहे, कारण तिसऱ्यावर निम्म्या खोल्या रिकाम्या.

३० मिलिअँपिअर गळती झाली की ते पडतं, आणि पडायलाच हवं. पण एका मजल्याच्या १६ कुलरांना एकच. प्रत्येकाची दोन-दोन मिलिअँपिअर गळती धरली तरी बेरीज तिथेच जाते. तेव्हा चूक मजल्यावर एकच बसवणाऱ्याची आणि नंतर ते डायरेक्ट करणाऱ्याची, दोघांचीही.

मेगर, म्हणजे वायरीचं इन्सुलेशन मोजायचं यंत्र, घेऊन पहिल्या मजल्याचे सगळे कुलर तपासले. कमीत कमी एक मेगाओहम तरी यायला हवं. तीन ठिकाणी ०.२ च्या खाली. तिन्हीत दोषी पाण्याचा छोटा पंप. दीडशे-दोनशे रुपयांची वस्तू, वायरीचं वेष्टन तडकलेलं, दिवसरात्र पाण्यात. ११४ मधली मुलगी सहज म्हणाली, "काका, पाणी भरताना आम्ही चप्पल घालतो. नाहीतर मुंग्या येतात." गेल्या उन्हाळ्यापासून तिघी चप्पल घालून पाणी भरताहेत. तक्रारवहीत नोंद नाही. का नाही विचारलं तर म्हणे, तक्रार केली की कुलर जप्त होतो.

तिथल्या तिथे तीन पंप बदलले, तिन्ही कुलरांची टू-पिन कापून थ्री-पिन लावली, अर्थिंगची वायर पत्र्याला स्क्रूने पक्की केली. डायरेक्ट वायरी काढल्या. आज रात्री पडणार, मला माहीत आहे. वायरमनला सांगितलं, फोन मला येऊ दे.

२२ एप्रिल, मंगळवार

रात्री १.४० ला पडलं. एकेक कुलर काढत गेलो. १०९. पंप बदलून ३ वाजता परत सुरू. नंतर नाही पडलं. कायमचा इलाज म्हणजे चार खोल्यांना मिळून एक आरसीसीबी, मजल्याला चार, एकूण बारा. तसा प्रस्ताव दिला.

२६ एप्रिल, शनिवार

मागचा जिना आतून बघायचा होता. आठ दिवस टळत होतं. जुडग्यातल्या चारही अनोळखी किल्ल्या लावून पाहिल्या, एकही लागली नाही. गेटवरचे काका म्हणाले, "त्याची किल्ली रेक्टर मॅडमजवळ असते जी. पर्समध्ये." मॅडम कुठे आहेत? परतवाड्याला, माहेरी. सोमवारी येतील.

परतवाडा इथून पन्नासेक किलोमीटर. म्हणजे शनिवारी रात्री खाली मीटरच्या खोलीत काही झालं, तर सव्वाशे मुलींच्या दुसऱ्या वाटेची किल्ली परतवाड्यात, एका पर्समध्ये.

२०२३ च्या १५ जूनला दिल्लीत मुखर्जीनगरच्या कोचिंग क्लासमध्ये असंच झालं होतं. आग विजेच्या मीटरची, धूर जिन्यातून वर, आणि पोरं खिडकीतून दोरी-वायरी धरून उतरताहेत. तो व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलाय. आमच्या खिडक्यांना तर ग्रिल आहे, चारी बाजूंनी भिंतीत गाडलेलं.

३० एप्रिल, बुधवार

अक्षय्यतृतीया. मॅडमशी बोलणं झालं, दीड तास.

मी तयारी करून गेलो होतो, पण त्यांनी जे सांगितलं त्याची तयारी नव्हती. तीन वर्षांपूर्वी रात्री एक माणूस मागच्या जिन्यात सापडला. दुसऱ्या मजल्यापर्यंत आलेला. मॅडमनीच पाहिला. तेव्हापासून ते कुलूप आहे. "सर, आग कधी लागेल माहीत नाही. तो माणूस मी पाहिलाय." पुढे म्हणाल्या, "पालक सोडायला येतात तेव्हा पहिला प्रश्न विचारतात, मागून कोणी येऊ शकतं का. आगीचं आजवर एकाही बापाने विचारलं नाही."

यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता, त्या चुकीचं बोलत नव्हत्या. मी एवढंच म्हटलं, आपल्याला बाहेरून बंद आणि आतून उघडं असं दार हवंय. तसं दार मिळतं. त्याला पॅनिक बार म्हणतात. आतून आडवी दांडी ढकलली की उघडतं, बाहेरून धरायला कडीच नसते. उघडलं की हूटर वाजेल, म्हणजे मुलगी उगाच बाहेर गेली तरी तुम्हाला कळेल. हूटरचं ऐकल्यावर त्या जरा मऊ झाल्या. "मग रात्री बारानंतर कोणी भेटायला आलं तर वाजेल?" वाजेल. मला काय, कुलूप निघाल्याशी कारण.

तोवर किल्ली काचेच्या पेटीत, दाराच्या आतल्या बाजूला. मॅडमनी पर्समधून काढून दिली. छोटीशी, लाल दोरा बांधलेली.

३ मे, शनिवार

पाणी. होज रील, म्हणजे चाकाला गुंडाळलेली आगीसाठीची पाण्याची नळी, दर मजल्यावर एक, गच्चीवरच्या टाकीला जोडलेली. दुसऱ्या मजल्याची रील ओढली, व्हॉल्व्ह सोडला. नोझलमधून आधी काही नाही, मग मातकट थेंब. नोझल उघडलं तर आत कुंभारमाशीने घर बांधलेलं, नळीच्या बरोब्बर मापाचं. खिळ्याने फोडलं. आत एक सुकलेला कोळी, तिने पिल्लांसाठी ठेवलेला. रीलला फडकं बांधून ठेवणारे खूप पाहिलेत, माशी पहिल्यांदा.

नोझल साफ केल्यावरही धार तीन-चार फुटांवर पडत होती. गच्चीवर गेलो. टाकी दहा हजार लिटरची. आगीचं आणि वापराचं पाणी एकाच टाकीत असेल तर वापराचा पाइप वर काढतात, म्हणजे कितीही आंघोळी झाल्या तरी खालचं पाणी आगीसाठी शिल्लक राहतं. आमच्याकडेही मूळ पाइप तसाच होता. भोक अजून आहे, एमसीलने बुजवलेलं. कुठल्यातरी टंचाईच्या उन्हाळ्यात कोणीतरी नवा पाइप तळाला काढला आणि शेवटच्या थेंबापर्यंत पाणी खाली मिळायला लागलं. त्या माणसाला तेव्हा मुलींनी दुवा दिला असेल. आज टाकीत वीतभर पाणी होतं.

पाइप पुन्हा वर घ्यायला सांगितला. प्लंबर म्हणाला, मुली ओरडतील. ओरडतील. खाली जमिनीतल्या टाकीवरचा पंप दिवसातून एक वेळ जास्त चालवावा लागेल, वीजबिल थोडं वाढेल.

९ मे, शुक्रवार

पहिला सराव. ७ तारखेला देशभर नागरी संरक्षणाच्या मॉक ड्रिल झाल्या, त्यामुळे घंटा वाजल्यावर निम्म्या मुलींनी दिवे बंद केले आणि खाटांखाली बसल्या. त्यांचं काय चुकलं? घंटा कसली ते आम्हीच सांगितलं नव्हतं. मावशींना मजल्यामजल्यावर जाऊन ओरडावं लागलं, "युद्ध नाही, आग! खाली चला!"

धोक्याची घंटा ही मेसची जुनी पितळी घंटाच, कारण धुराची यंत्रणा बोलत नाही. व्हरांड्यात डिटेक्टर आहेत, सगळ्यांवर पिवळी प्लॅस्टिकची टोपणं. शेवटचा रंग दिला तेव्हा घातलेली, तशीच राहिली. गेटवरच्या पॅनलच्या बझरवर सेलोटेपचे पाच थर. काका म्हणाले, किणकिण करत राहायचं जी.

हजेरी ११८. सगळ्या मैदानात यायला ११ मिनिटं २० सेकंद. आणि त्या सगळ्याच्या सगळ्या पुढच्या जिन्याने आल्या. मागचं दार मी स्वतः उघडून उभा होतो. एकही मुलगी तिकडे आली नाही. तिसऱ्या वर्षाची एक नंतर म्हणाली, "तिकडून जाता येतं हेच माहीत नव्हतं काका. मला वाटायचं ती स्टोअर रूम आहे."

मोजणीचाही घोळ झाला. गेटच्या वहीत १२३. पाच जणी सुट्टीचा अर्ज देऊन गेलेल्या, पण अर्ज मॅडमच्या टेबलावर, वहीत नाही. खरी आग असती तर या पाच जणींना शोधायला कोणीतरी आत गेलं असतं. आता अर्ज मंजूर झाला की गेटवर लगेच नोंद.

२४ मे, शनिवार

परीक्षा आटोपत आल्या, मजले रिकामे होताहेत, काम धरलं.

मागचं दार आत उघडायचं. म्हणजे पन्नास मुली आतून रेटतील आणि दार त्यांच्याच अंगावर. बिजागऱ्या बदलून ते बाहेर उघडतं केलं, पॅनिक बार बसवला, हूटर जोडला. वेल्डिंगवाला माझ्यासमोर तीनदा ढकलून बघत होता, "साहेब, हे तर सिनेमा टॉकीजसारखं झालं." दाराबाहेर लावलेल्या मेसच्या रिकाम्या क्रेट हटवून जमिनीवर पिवळा पट्टा ओढला.

सुरतला २०१९ मध्ये तक्षशिला इमारतीत आग लागली ती याच तारखेला. २२ जण गेले, बहुतेक क्लासला आलेली पोरं. लाकडी जिना जळाला आणि वरच्यांना उड्या माराव्या लागल्या. वेल्डिंगवाल्याला सांगितलं तर तो म्हणाला, त्याच्या मोबाइलमध्ये आहे तो व्हिडिओ. त्यानंतर त्याने बिजागरीला एक जादा टाका मारला.

ग्रिलचा प्रश्न सुटला नाही. दर मजल्याला निदान दोन खोल्यांच्या ग्रिलला आतून कडीने उघडणारी खिडकी करावी असं माझं म्हणणं. समितीत एक सदस्य म्हणाले, माकडं येतात. येतात हे खरं आहे. विषय पुढच्या बैठकीत.

११ जून, बुधवार

पावसाआधीची कामं : गच्चीची तोटी मोकळी, मागच्या बाजूच्या सज्जाचं सुटलेलं प्लास्टर पाडून घेतलं, तीन खोल्यांची ओल. अग्निशामक भरून आले. मजल्यावर तीन-तीन टांगले, तीन खाली, दोन मेसमध्ये. टाकीचा पाइप वर गेला. बारापैकी आठ आरसीसीबी मंजूर, तिसरा मजला पुढच्या वर्षी. गाद्यांचं निर्लेखन मंजूर, भंगारवाल्याने एकोणिसाव्या गादीनंतर भाव पाडला.

एक नवीन गोष्ट झाली ती जरा सविस्तर लिहितो. खोल्या रिकाम्या असताना मावशींबरोबर फिरलो, तर खाटांखाली सात पाणी तापवायचे रॉड, चार इलेक्ट्रिक केटल्या, दोन इंडक्शन. नियमात सगळं बंद आहे, दरवर्षी जप्ती होते आणि जुलैत पुन्हा येतं. १५०० वॅटचा रॉड साडेसहा अँपिअर घेतो, आणि तो लावलेला असतो सहा अँपिअरच्या एक्स्टेंशन बोर्डावर. २०७ मधला बोर्ड उचलला तर मागचं प्लॅस्टिक तपकिरी, प्लगच्या आकाराचा खड्डा पडलेला, करपल्याचा वास अजून येत होता. या बोर्डावर रोज रात्री चहा झालाय, त्याच्या वर अर्ध्या फुटावर चादर लोंबतेय.

जप्तीने काही होत नाही, मुलींना रात्री अकराला चहा लागतो आणि मेस साडेआठला बंद होते. म्हणून दर मजल्यावर कपडे धुण्याच्या जागेशेजारी एक ओटा मागितला. फरशीचा, चार चौरस मिलिमीटरची स्वतंत्र वायर, सोळा अँपिअरचे दोन सॉकेट, वेगळा एमसीबी, भिंतीवर अग्निशामक. रॉड बंदच, पण केटली आणि इंडक्शन तिथे चालेल. समितीला वाटलं मी मुलींचे लाड करतोय. पहिल्या मजल्यावर 'प्रायोगिक तत्त्वावर' मिळाला.

७ जुलै, सोमवार

प्रपत्र ब. राज्याच्या २००६ च्या आगप्रतिबंधक अधिनियमाप्रमाणे वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, यंत्रणा चालू असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र अग्निशमन विभागाला द्यावं लागतं. या वेळी एजन्सीच्या माणसाला चहा आधी दिला नाही. मावशी पुढे, तो मध्ये, मी मागे. डिटेक्टरला धुराचा स्प्रे मारून पाहिला. २२ पैकी १९ बोलले, उरलेले तीन त्याने तिथेच बदलून दिले. कार्बन डायऑक्साइडचे दोन्ही काट्यावर ठेवले तेव्हा तो जरा चमकला. आजवर कोणी मेसच्या काट्यावर ठेवायला लावलं नव्हतं म्हणे. त्याने सही केली, मग चहा.

१९ जुलै, शनिवार

रात्री १२.५० ला हूटर. मी घरी. काकांचा फोन, "साहेब, मागचं दार बोंबलून राह्यलं!" पोचेपर्यंत पाऊस, आणि मुली छत्र्या, ओढण्या, बादल्या डोक्यावर धरून मैदानात.

आग नव्हती. पहिल्या वर्षाच्या दोघींनी पिझ्झा मागवला होता. पुढच्या गेटवर काका घेऊ देणार नाहीत म्हणून मागच्या दाराने घ्यायचा बेत. दांडीवर काय लिहिलंय ते वाचलं नाही. हूटर वाजल्यावर त्या तिथेच रडत उभ्या, पिझ्झावाला पळाला.

मॅडम परतवाड्याहून फोनवर होत्या, म्हणत होत्या कुलूप परत लावू. मी काकांना विचारलं, शेवटची मुलगी कधी आली? काका घड्याळ बघणारे आहेत. हूटर १२.५० ला, शेवटची १२.५४ ला. वहीत १३१, मैदानात १२९. मागच्या जिन्याने किती आल्या ते मावशींनी बोटांवर मोजलं होतं, पन्नासेक. मॅडमना हे आकडे सांगितले. त्या थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, त्या दोघींच्या घरी सोमवारी फोन करते. कुलपाचं पुन्हा निघालं नाही.

उरलेल्या दोघी ३१२ मध्ये झोपलेल्या सापडल्या. दार लावून, कुलर लावून. त्या टोकाला हूटर ऐकूच जात नाही, वर जाऊन दार लावून स्वतः ऐकलं. तिसऱ्या मजल्यावर दुसरा हूटर लागेल. वायरची लांबी मोजली, ४६ मीटर. सोमवारी कोटेशन.